घरातल्या सर्वांत लहान नेमबाजाच्या मापाची रायफल निवडा

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातील आशय थोडक्यात सांगतो. आपण, आपल्या पत्नी, 13 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांचे वडील अशा पाच जणांना मिळून कागदी लक्ष्यावर नेमबाजी सुरू करायची आहे. आपल्याला थोडाफार अनुभव आहे, बाकीचे चौघे पूर्ण नवखे आहेत. एक .22 ची (म्हणजे इंचात मोजलेल्या या मापाच्या काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल आणि त्याच काडतुसाचे एक पिस्तूल घ्यावे, म्हणजे दोन्हींना एकच दारूगोळा चालेल, असा आपला बेत आहे आणि रायफलीसाठी याच प्रकारची रुगर 10/22 आपल्या मनात भरली आहे. मुलगी सगळी कामे उजव्या हाताने करते पण नेम डाव्या डोळ्याने धरते, वडिलांना नळीवरची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, धूसर दिसते आणि पत्नींना आवाजाची धास्ती वाटते, याही अडचणी आपण कळवल्या आहेत.

काडतुसाची आपली निवड बरोबर आहे; बंदुकांची निवड मात्र बदलावी असे मी आग्रहाने सांगेन. सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि पिस्तूल ही दोन्ही हात बसलेल्या नेमबाजासाठी चांगली हत्यारे आहेत, पण पाचांपैकी चौघे नवखे आणि त्यांत दोन मुले असलेल्या घराची पहिली खरेदी म्हणून ती योग्य नाहीत. आपण आधी 4.5 मिलिमीटरची एक एअर रायफल घ्यावी, तिच्यावर सर्वांना शिस्त लागली की एका वेळी एकच काडतूस भरता येणारी .22 ची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यावी, आणि पिस्तुलाचा विचार त्यानंतर, तोही फक्त मोठ्यांसाठी करावा.

आधी काडतुसाविषयी. .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून वापरात आहे आणि सरावासाठी आजही त्याच्याइतके सोयीचे दुसरे काडतूस नाही. त्याच्या नेहमीच्या स्टँडर्ड प्रकारात 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदाला साधारण 325 ते 330 मीटर वेगाने नळीबाहेर पडते. खांद्याला बसणारा धक्का इतका हलका असतो की नवख्या माणसाला चाप ओढण्यापूर्वीच खांदा आकसण्याची आणि डोळे मिटण्याची खोड लागत नाही. मोठ्या काडतुसावर शिकलेल्यांना ही खोड एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो. दुकानात याच काडतुसाचा हाय-व्हेलॉसिटी प्रकारही मिळेल. तो घेण्याचे कारण नाही, कारण त्याची गोळी आवाजाच्या वेगाहून जलद निघते, वाटेत त्या वेगाखाली येते आणि त्या संक्रमणात तिची स्थिरता बिघडू शकते. ऑलिंपिकमधील 50 मीटर रायफल प्रकारात, ज्यात 2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, हेच काडतूस वापरतात, आणि तिथले दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे अचूकतेसाठी आपल्याला याहून काही मोठे लागणार आहे, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका.

.17 एचएमआर आणि .22 मॅग्नम ही काडतुसेही लहान कॅलिबरचीच आहेत, पण ती अधिक महाग, अधिक आवाजी आणि कागदी लक्ष्यासाठी अनावश्यक आहेत. त्यांच्याबाबत एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: .22 मॅग्नम आणि .22 लाँग रायफल यांच्या नावात आकडा एकच असला तरी ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, लाँग रायफलचे काडतूस सैल बसते, आणि बार उडाल्यावर त्याचे पितळी आवरण फाटून गरम वायू मागे येऊ शकतात. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या खोक्यावरचे नाव अक्षरशः जुळवून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

.22 हे लहान काडतूस असले तरी खेळणे नाही. त्याची गोळी दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते, आणि शिशाची मऊ गोळी पाण्यावर, दगडावर किंवा टणक जमिनीवर आपटून टप्पा घेत भलत्याच दिशेला उसळते. त्यामुळे मोकळे माळरान दिसले म्हणून तिथे लक्ष्य उभे करणे मला मुळीच मान्य नाही. मागे मातीचा उंच बांध किंवा गोळी अडवणारी योग्य भिंत असलेली मान्यताप्राप्त रेंज आणि तिथला प्रशिक्षक, याच वातावरणात आपल्या कुटुंबाची सुरुवात व्हावी.

आता मुख्य मुद्दा, बंदुकीच्या रचनेचा. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक बारानंतर बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, हाताने उघडावा लागतो, रिकामे काडतूस बाहेर काढावे लागते आणि पुढचे स्वतः भरावे लागते. बोल्ट उघडा असला की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसते की ही रायफल या क्षणी सुटू शकत नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बार झाल्याबरोबर पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये जाऊन बसते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. दहाच्या वर्तुळात गोळी लागली की 9 वर्षांचे मूल आनंदाने आईबापांकडे वळून पाहते, आणि त्याच्याबरोबर नळीही वळते. कितीही शिकवले तरी पहिल्या काही दिवसांत हे कधीतरी घडतेच. त्या क्षणी एक-गोळी रायफलीच्या चेंबरमध्ये वाजून गेलेले रिकामे आवरण असते, सेमी-ऑटोमॅटिकच्या चेंबरमध्ये जिवंत काडतूस असते. माझ्या सल्ल्याचे सगळे वजन या एका फरकावर आहे. नळी लक्ष्याकडेच ठेवण्याचा नियम अर्थातच दोन्हींना सारखाच लागू आहे आणि मुलाच्या खांद्यामागे हाताच्या अंतरावर एक जाणता माणूस उभा असलाच पाहिजे, पण माणसाचे लक्ष चुकलेच तर रचनेने साथ द्यावी, अशी बंदूक घरासाठी निवडायला हवी.

याला जोडून आणखी एक गोष्ट. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा सुटा कप्पा, काढले की बंदूक रिकामी झाली, हा समज अनेक अपघातांच्या मुळाशी आहे. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये एक काडतूस शिल्लक राहू शकते. म्हणून चेंबर डोळ्यांनी पाहणे, अंधूक उजेड असेल तर करंगळीने चाचपणे, हे प्रत्येक वेळी आणि प्रत्येक हातात व्हायला हवे, मग ती बंदूक दुसऱ्याने आत्ताच तपासून दिलेली का असेना.

1964 पासून बनणारी रुगर 10/22 आणि तिचे दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन यांची कीर्ती खरी आहे, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी आपण ती घेतलीत तर मला आनंदच होईल. आज मात्र एक-गोळी रायफल घ्या, किंवा मॅगझिनवाली बोल्ट रायफल घेऊन तिला एकेक काडतूस भरण्याचा अडॅप्टर बसवा. काही बोल्ट रायफलींसाठी असा अडॅप्टर मिळतो, आणि मुले मोठी झाल्यावर तो काढून तीच रायफल मॅगझिनसह वापरता येते. पैशाच्या दृष्टीनेही मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

रायफलीचे माप हा विषय खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाच्या, टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असते. 9 वर्षांच्या मुलाला ते 28 ते 30 च्या आसपास लागते. मापण्याची साधी रीत अशी: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे, आणि तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर पोचते का ते पाहावे. हे करताना बोल्ट उघडा आणि चेंबर रिकामे, हे सांगायला नकोच. दस्ता लांब असला की मूल कंबरेतून मागे कलते, दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकवते, गाल पुढे नेऊन साइटपर्यंत पोचायचा प्रयत्न करते आणि पाच-सहा बारांत दमून जाते. मग घरचे म्हणतात, याला यात गोडी नाही. उलट दस्ता थोडा आखूड असला तर मोठ्या माणसाला अवघडल्यासारखे होते, एवढेच. म्हणून पाच जणांत एक रायफल वापरायची असेल तर माप सर्वांत लहान नेमबाजाचे घ्यावे, आणि दस्त्याच्या टोकाला पट्ट्या लावून लांबी वाढवता येईल अशी रचना निवडावी. अशा दोन-तीन पट्ट्यांनी मुलगा ते आजोबा हे अंतर बऱ्याच अंशी भरून निघते. वजनाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. सुरुवातीला सर्वांनीच बाकावर बसून, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून नेम धरावा; उभ्याने हातात तोलून धरण्याची घाई मुलांच्या बाबतीत तर मुळीच करू नये.

आपल्या मुलीची अडचण बऱ्याच जणांना असते. खात्रीसाठी तिला दोन्ही हात पुढे ताणून, तळव्यांमध्ये लहानशी फट करून त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायला सांगा. मग एकेक डोळा झाकल्यावर ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहते तो तिचा प्रबळ डोळा. तो डावाच निघाला तर तिला सरळ डाव्या खांद्यावरून शिकवावे असे माझे मत आहे. तिला अजून कोणतीच सवय लागलेली नाही, त्यामुळे हा बदल आज जितका सोपा आहे तितका पुढे राहणार नाही. त्यासाठी दस्ता दोन्ही बाजूंनी सारखा असलेली रायफल पाहा. बोल्ट उजवीकडे असला तरी टेकूवरून एकेक बार करताना त्याची फारशी अडचण होत नाही. सेमी-ऑटोमॅटिक नको म्हणण्याचे आणखी एक कारण इथे निघते, कारण उजवीकडून बाहेर फेकली जाणारी गरम आवरणे डावखुऱ्या नेमबाजाच्या तोंडासमोरून जातात. मुलीला उजवा खांदाच हवा असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक पट्टी चिकटवावी. डोळा घट्ट मिटून नेम धरायला लावू नये, त्याने दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो.

वडिलांसाठी पीप साइट, म्हणजे मागच्या बाजूला बारीक छिद्र असलेली साइट बसवून पाहा. त्या छिद्रातून पाहिल्यावर पुढची साइट आणि लक्ष्य दोन्ही पुष्कळ स्पष्ट होतात, आणि डोळा छिद्राच्या मध्याशी आपोआप येत असल्याने मुलांनाही ती लवकर समजते. तेवढ्याने भागले नाही तर चार पटींची साधी दुर्बीण पुरेशी आहे, फक्त ती रिमफायर रायफलीसाठी बनवलेली असावी (.22 सारखे रिमफायर काडतूस बुडाच्या कडेवर, तर सेंटरफायर बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटते). डोळा किंचित हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, याला पॅरलॅक्स म्हणतात; तशा दुर्बिणींचे पॅरलॅक्स बहुधा 50 यार्डांना बसवलेले, म्हणजे त्या अंतरावर हा दोष राहू नये असे जुळवलेले असते, सेंटरफायरच्या दुर्बिणींचे 100 यार्डांना. 10 मीटरवर वापरायची असेल तर पॅरलॅक्स बदलता येणारी दुर्बीण लागेल.

पत्नींची धास्ती निराधार नाही. .22 रायफलीच्या बाराचा आवाज कमाल क्षणी 140 डेसिबलच्या आसपास जातो, पिस्तुलाचा त्याहून जास्त. प्रौढांच्या कानांसाठी 140 ही धोक्याची सीमा मानतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ती 120 ठेवली आहे. म्हणून कानात बोळे आणि त्यावर इअरमफ अशी दुहेरी काळजी प्रत्येकाने घ्यावी, बार कोणी दुसरा करत असला तरीही. इलेक्ट्रॉनिक इअरमफ परवडत असतील तर मुलांसाठी अवश्य घ्या. त्यांतून बाराचा आवाज दबतो पण ‘थांबा’ हा आदेश ऐकू येतो. डोळ्यांना सुरक्षा चष्मा सर्वांनाच हवा.

शिशाबद्दल फारसे बोलले जात नाही, पण मुले असलेल्या घरात बोलायला हवे. .22 ची गोळी बहुतेकदा उघड्या शिशाची असते आणि काडतुसाच्या पेट घेणाऱ्या मसाल्यातही शिशाची संयुगे असतात. रेंजवर खाणेपिणे टाळावे, निघताना हात आणि चेहरा साबणाने व थंड पाण्याने धुवावा, घरी येताच कपडे बदलावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना शिशाचा धोका अधिक असतो, म्हणून बंदिस्त रेंज असेल तर तिथली हवा नीट खेळती आहे का, हे आधी विचारून घ्या.

एअर रायफलीपासून सुरुवात करा म्हणण्यामागे हीही कारणे आहेत: आवाज कमी, धूर नाही, 10 मीटरची जागा पुरते आणि एका दिवसात भरपूर सराव होतो. सामन्यांत वापरली जाणारी 4.5 मिलिमीटरची एअर रायफल छर्‍याला जेमतेम साडेसात-आठ जूल ऊर्जा देते; .22 ची स्टँडर्ड गोळी 140 जूलच्या जवळ असते. तरीही एवढा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, त्यामुळे नियमांत कोणतीही सूट नाही. ही पायरी कमी प्रतीची आहे असेही मानू नका. 10 मीटर एअर रायफल 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, तिथल्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो, आणि 2008 साली अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक याच प्रकारात जिंकले. स्प्रिंगची एअर रायफल स्वस्त पडते, पण बार होताना ती आधी मागे आणि लगेच पुढे हिसका देते, त्यामुळे ती घट्ट आवळून न धरता सैल हाताने धरावी लागते; तिच्यावर दुर्बीण बसवायची तर एअर रायफलीसाठीचीच घ्यावी. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल जवळपास हिसका देत नाही आणि मुलांना तिची नळी वाकवून भरावी लागत नाही. खर्च झेपत असेल तर मी तीच सुचवेन. छर्रे चपट्या तोंडाचे, शिशाचे घ्या. पोलादी गोल छर्रे कठीण पृष्ठभागावरून उलटे येतात.

पिस्तूल सध्या नको, कारण नळी आखूड असल्याने मनगट किंचित वळले तरी तिचे तोंड शेजाऱ्याकडे जाते, आणि एका हातात सहज मावणारी वस्तू माणूस नकळत इकडेतिकडे हलवतो. रायफलीची लांब नळी कुठे रोखली आहे हे प्रशिक्षकाला दुरूनही दिसते. आपण व पत्नी दोघांनाही रायफलीची शिस्त अंगवळणी पडली की रेंजवरचे पिस्तूल वापरून पाहा, तेही प्रथम एकेक काडतूस भरून.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. रिमफायर काडतुसांत असे फुसके बार सेंटरफायरपेक्षा जास्त निघतात. आवाज नेहमीपेक्षा मंद आला तर लगेच सराव थांबवून नळीत गोळी अडकली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे, कारण तिच्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुटू शकते.

साठवणुकीबाबत मी तडजोड सुचवणार नाही. बंदूक रिकामी करून कुलूपबंद पोलादी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या कुठे आहेत हे मुलांना ठाऊक नसावे. घरात बंदूक असली की त्या घरातील आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. घरातील कोणी नैराश्यातून जात असेल, तर बंदूक घरी आणू नये. रेंजच्या शस्त्रागारात ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर रेंजच्या बंदुकीवर सराव करावा. तशी अडचण नसली तरीही शस्त्रागाराचा पर्याय मला अधिक पसंत आहे.

परवान्याचे आणि मुलांच्या किमान वयाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी मुलांना मालकी मिळत नाही पण देखरेखीखाली नेम धरता येतो, आणि एअर रायफललाही ऊर्जेची मर्यादा असते. जर्मनीत परवान्याशिवाय 7.5 जूलपर्यंत, इंग्लंडमध्ये रायफलीसाठी सुमारे 16 जूलपर्यंत. पैसे भरण्यापूर्वी आपल्याला लागू असलेले नियम परवाना देणाऱ्या कार्यालयातून लेखी मिळवा, आणि शक्य असल्यास पाचही जणांना नेऊन प्रत्येकाच्या खांद्याला ती रायफल लावून पाहा.

.22 रायफल हाती आल्यावर एकदम पेटीभर काडतुसे घेऊ नका. एकाच कारखान्यातून आलेल्या दोन सारख्या नळ्यांनाही वेगवेगळी काडतुसे मानवतात. स्टँडर्ड वेगाची चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक खोकी घ्या, वारा नसलेल्या सकाळी वाळूच्या पिशवीवरून 50 मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच बारांचे दोन-तीन गट (एका जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचे पुंजके) काढा, आणि ज्याचा गट सातत्याने लहान येईल तेच काडतूस, जमल्यास त्याच लॉट क्रमांकाचे, म्हणजे त्याच खेपेत बनलेले, वर्षभराच्या सरावासाठी घेऊन ठेवा.